गल्लीतला ‘कारखाना’ आणि कागदातला ‘कारखाना’: कायद्याचा शब्द ताडून पाहायची रीत

सोलापुरात अशोक चौकातून पूर्व भागात शिरलं की गल्लोगल्ली ‘कारखाना’ दिसतो. वर पत्रा, आत चार माग, मालक स्वतःच मागावर उभा. तरी तो कारखानाच, आणि तो माणूस कारखानदार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतलं शंभर माणसांचं युनिटही कारखानाच. बोलताना कुणाचं काही अडत नाही. अडतं ते कागद हातात आल्यावर. भाडेकरारात कुठंतरी मधेच ‘सदर जागेत कारखाना चालवणार नाही’ असं लिहिलेलं असतं. तिथं माणूस म्हणतो, “आमचा कुठला कारखाना, चारच तर माग!” आणि सही करतो. पुढं एखाद्या खात्याची नोटीस येते, तिच्यात ‘आपला कारखाना’ असं असतं, तिथं मात्र धसका घेतो. बहुतेक वेळा काळजी पहिल्या कागदाची करायला हवी होती.

मी वकील नाही. भाषांतराची कामं करते आणि ओळखीपाळखीच्यांचे कागद वाचून देते. लोक एकच चूक परत परत करतात: शब्द ओळखीचा दिसला की अर्थही ओळखीचाच असणार असं धरून चालतात. उलट्या टोकाचीही माणसं भेटतात. कागदावर शिक्का दिसला की त्यांना प्रत्येक शब्दात कायदा दिसतो. दोघांनाही उपाय एकच, आणि त्यात पायऱ्यांचा क्रम सोडून चालत नाही.

आधी तयारी

मूळ कागदावर खुणा करू नका. झेरॉक्स काढा, मूळ कागद पाकिटात ठेवा. झेरॉक्स काढताना मागची बाजू, परिशिष्ट, शिक्के, हातानं लिहिलेले शेरे सगळं घ्या. निम्म्या लोकांकडं पान दोन असतं आणि व्याख्या पान एकवर.

कागद नोटीस असेल तर ती हातात पडली त्या दिवसाची तारीख आणि उत्तर द्यायची मुदत वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. अर्थ शोधता शोधता मुदत गेली, तर अर्थाचं लोणचं घालायचं का?

एका पानावर दोन रकाने आखा. डावीकडं ‘गल्लीत’, उजवीकडं ‘कागदात’. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर तिसरा रकानाही आखा. हे मी हौसेनं सांगत नाही. मराठी कागदात ‘अनुमान’ म्हणजे निष्कर्ष, अंदाज. तेलुगूत आणि कन्नडमध्ये त्याच शब्दाचा रोजचा अर्थ शंका, संशय. ‘न्यायालय प्रतिकूल अनुमान काढू शकेल’ हे वाक्य माझ्या शेजारच्या मावशींनी ‘कोर्टाला आपला संशय आलाय’ असं घेतलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत.

फोनवर सरकारची ‘इंडिया कोड’ ही साइट उघडी ठेवा, केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथं फुकट वाचता येतात. शब्दकोश लागणार आहे, पण अगदी शेवटी. आत्ता तो लांबच ठेवा.

टप्पा १: कागद कुणी कुणाला लिहिलाय?

हा टप्पा गाळला की पुढचं सगळं वाया जातं, म्हणून इथं जरा थांबू.

दोन माणसांनी आपसात केलेला करार ही एक जात. अधिकाऱ्यानं कायद्याच्या आधारे काढलेली नोटीस किंवा आदेश ही दुसरी. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड यांचे उतारे तिसरी. कोर्टाचे कागद चौथी.

करारात शब्दाचा अर्थ आधी त्या करारातच शोधायचा. ‘यापुढे ज्यास “मिळकत” असे संबोधिले आहे’ अशा वाक्यानं करार स्वतःचा छोटा कोश तयार करत असतो. तिथं अर्थ दिला नसेल, तर ते दोघं आपापल्या व्यवहारात तो शब्द ज्या अर्थानं वापरतात तो अर्थ धरायचा. कुठल्यातरी कायद्यातली व्याख्या आपल्या पायांनी चालत करारात येत नाही. भाडेकरारातला ‘कारखाना’ असाच. घरमालकानं ते कलम घातलं ते आवाजासाठी, भिंतीला बसणाऱ्या हादऱ्यासाठी, वीजबिलासाठी. तुमच्याकडं कामगार किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सोलापुरात चार मागांना कारखाना म्हणतात हे त्यालाही ठाऊक आणि तुम्हालाही. उद्या भांडण झालं तर ‘कायद्यानं माझा कारखाना होत नाही’ हे उत्तर तोकडं पडण्याची शक्यता मोठी.

नोटिशीत उलटं. अधिकारी ज्या कायद्याखाली लिहितो त्या कायद्यानं दिलेला अर्थच तिथं चालतो. गल्ली काय म्हणते हा मुद्दा तिथं दुय्यम.

तपासा: कागदाच्या डोक्यावर किंवा विषयात ‘अधिनियम’, ‘कलम’, ‘नियम’ असं काही आहे का? असेल तर त्याचं पूर्ण नाव आणि साल उतरवून घ्या. अधिनियम म्हणजे विधिमंडळानं किंवा संसदेनं केलेला कायदा, नियम म्हणजे त्याखाली सरकारनं केलेले, आणि शासन निर्णय ही तिसरीच गोष्ट. आपण तिन्हींना ‘जीआर आलाय’ म्हणून मोकळे होतो.

टप्पा २: घरचा अर्थ आधी लिहून काढा

कायदा उघडण्याआधी डावा रकाना भरा. एकदा व्याख्या वाचली की आपल्या डोक्यातला मूळ अर्थ नकळत तिच्याकडं सरकतो आणि मग फरक दिसेनासा होतो.

‘कारखाना: जिथं यंत्रावर माल बनतो ती जागा. माणसं कितीही. घरात असला तरी चालतो.’ एवढं पुरे. सुंदर लिहायची गरज नाही. खाली एक-दोन उदाहरणं आणि एक वादाचं उदाहरण टाका. माग नाहीत, नुसती चादरींची घडी घालून पॅकिंग होतं अशा जागेला कारखाना म्हणाल का? बहुतेक जण ‘नाही, ते गोडाऊन’ म्हणतील. हे लिहून ठेवा, टप्पा ५ मध्ये लागेल.

टप्पा ३: शब्द सोडा, आधी वाक्य धरा

लोकांची नजर मोठ्या शब्दांवर जाते. कायद्याच्या मराठीत घोळ घालतात ते किरकोळ दिसणारे शब्द. पेन्सिलनं यांना गोल करा.

*करील.* शाळेतल्या व्याकरणात हा भविष्यकाळ. कायद्यात हा हुकूम. ‘भोगवटादार (जागेचा ताबा असलेला) नोटीस देईल’ म्हणजे त्यानं ती दिलीच पाहिजे. ‘करू शकेल’ असं असेल तर सहसा मर्जी त्याची.

*विहित.* बोलण्यात विहित म्हणजे योग्य, रीतसर. कायद्यात विहित म्हणजे नियमांत ठरवून दिलेलं. इथं मी स्वतः आपटलेय. ओळखीच्या एका काकांना ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ असं पत्र आलं होतं. मी म्हटलं, नीट समास सोडून, रीतसर मायना घालून लिहा. त्यांनी सुंदर अक्षरात दोन पानं लिहिली. अर्ज परत आला. नमुना नियमांच्या शेवटी छापलेला होता, तोच भरायचा होता. काका अजून मला ‘रीतसर बाई’ म्हणतात.

*मानीव.* जे प्रत्यक्षात तसं नाही, पण कायद्यापुरतं तसं धरायचं ते मानीव. सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणात (जागेची मालकी सोसायटीच्या नावे होण्यात) बिल्डरनं कागद करून दिलेला नसतोच, म्हणून तर ते मानीव.

*‘…यांना अधीन राहून’* आणि *‘…यात काहीही अंतर्भूत असले तरी’.* हे दोन जोडून लक्षात ठेवा. पहिल्यात हे वाक्य खाली आणि दुसरी तरतूद वर. दुसऱ्यात हे वाक्य वर. या दोनांची गल्लत झाली की निकाल उलटा वाचला जातो.

*परंतु.* कलमाच्या शेवटी परिच्छेद ‘परंतु’नं सुरू झाला की तिथं अपवाद आहे. लोक थकून त्याच्याआधीच वाचणं सोडतात.

*पासून.* ‘अमुक तारखेपासून १५ दिवसांत’. केंद्राच्या कायद्यांतले नेहमीचे शब्द कसे वाचायचे हे सांगणारा १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, त्याप्रमाणं ‘पासून’ म्हटल्यावर पहिला दिवस धरत नाहीत. कोर्टात किंवा कार्यालयात करायच्या गोष्टीचा शेवटचा दिवस सुट्टीचा निघाला तर ते उघडेल त्या दिवशी केलेलं चालतं. ‘महिना’ म्हणजे त्यात कॅलेंडरचा महिना, मोजून ३० दिवस नव्हेत. राज्याच्या कायद्यांसाठी महाराष्ट्राचा १९०४ चा असाच कायदा आहे.

थांबा: ही मोजणी हक्क म्हणून माहीत असावी, सवय म्हणून नको. शेवटच्या दिवसाची वाट पाहून मोजत बसणाऱ्याला एक दिवसाची चूक पुरते.

टप्पा ४: कुठला कायदा, आणि कोणत्या तारखेचा?

कायद्याचं नाव सापडलं की लोक गूगलवर टाकतात आणि पहिलं पान उघडतात. ते पान दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं.

‘कारखान्या’चंच घ्या. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या मूळ मजकुरात वीज वापरत असाल तर १० किंवा जास्त कामगार, वीज नसेल तर २० किंवा जास्त, असा आकडा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी कारखाने अधिनियमाची जागा घेणाऱ्या, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत हेच आकडे २० आणि ४० आहेत. मधल्या काळात राज्यांच्या दुरुस्त्याही असतात, त्या वेगळ्या पाहाव्या लागतात. म्हणजे ‘माझा कारखाना आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘कधी?’ असं विचारल्याशिवाय देताच येत नाही.

फौजदारीतही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधीच्या घटनेच्या कागदात जुनी कलमं दिसणार, नंतरच्या घटनेच्या कागदात नवी.

तपासा: वहीत तीन तारखा आहेत का? घटना किंवा व्यवहार घडला ती, कागदावरची, आणि तुम्ही वाचताय तो कायदा लागू झाल्याची. पहिली आणि तिसरी यांचा मेळ बसला पाहिजे.

टप्पा ५: व्याख्या वाचा, आणि व्याख्येतल्या शब्दांच्याही व्याख्या वाचा

व्याख्या बहुतेक वेळा कलम २ किंवा ३ मध्ये असतात. तिथं पहिली नजर क्रियापदावर. ‘याचा अर्थ … असा आहे’ असं असेल तर दार बंद: जेवढं लिहिलंय तेवढंच. ‘यात … याचा समावेश होतो’ असं असेल तर दार उघडं: रोजचा अर्थ आहेच, वर हे आणखी. दोन्ही एकत्र असली तर दोन्ही लिहा.

त्याआधीची ओळ मात्र कुणी वाचत नाही: ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ अपेक्षित नसेल तर’. म्हणजे कायदाच सांगतोय की एखाद्या कलमात हा शब्द या व्याख्येच्या बाहेर जाऊ शकतो.

आता १९४८ च्या अधिनियमातला कारखाना उलगडू. ‘जागा’, ‘कामगार’, ‘उत्पादन प्रक्रिया’ आणि आकडा असे चार धागे.

उत्पादन प्रक्रियेत नुसतं बनवणं येत नाही. दुरुस्त करणं, सजवणं, धुणं, साफ करणं, पॅकिंग करणं हेही येतं. टप्पा २ मध्ये आपण ज्याला ‘गोडाऊन’ म्हणून सोडून दिलं ते घडी-पॅकिंगचं काम इथं आत आलं.

कामगार म्हणजे फक्त पगारपत्रकावरचा नव्हे. ठेकेदारामार्फत आलेला, मालकाला माहीत नसताना कामावर असलेला, इतकंच काय मोबदल्याशिवाय काम करणाराही त्यात येतो. त्या प्रक्रियेसाठीची यंत्रं किंवा जागा साफ करणाराही.

आकडा आज किती हे पुरेसं नाही. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी तो आकडा गाठला असेल तरी चालतं. आणि खरी मेख स्पष्टीकरणात आहे: एका दिवसातल्या सगळ्या पाळ्यांमधले कामगार एकत्र मोजायचे. दिवसपाळीला सहा, रातपाळीला पाच. मालक म्हणतो, “कधीही बघा ओ, सहाच्या वर माणूस दिसणार नाही.” खरंच दिसणार नाही. पण मोजणी अकरा. जुन्या मूळ आकड्यानं तो आत, नव्या संहितेच्या आकड्यानं बाहेर.

उलट बाजूही आहे. हॉटेल, खाणावळ यांना ती व्याख्या नाव घेऊन बाहेर ठेवते. मोठ्या खानावळीत भाकऱ्या थापायला पंचवीस बायका असल्या तरी ती त्या कायद्याचा कारखाना होत नाही. कडक भाकरी पाकिटात भरून गावोगाव पाठवणारं युनिट मात्र खानावळ नव्हे, त्याचा विचार वेगळा.

थांबा: आकड्याखाली आहात म्हणून सुटलात असं लगेच धरू नका. त्याच जुन्या अधिनियमाचं कलम ८५ राज्य सरकारला लहान जागांनाही कायदा लावायचा अधिकार देत होतं. व्याख्येच्या बाहेर राहिलेला माणूस अधिसूचनेनं आत येऊ शकत होता.

टप्पा ६: व्याख्याच नसेल तर

असं पुष्कळदा होतं, आणि इथं लोक दुसऱ्या कायद्याच्या घरातून व्याख्या उसनी आणतात. हे करू नका. ‘बालक’ हा शब्द पाहा. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये आणि पॉक्सोमध्ये (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात) १८ पूर्ण न झालेलं बालक. बालकामगारविषयक कायद्यात बालक म्हणजे १४ पूर्ण न झालेलं, आणि १४ ते १८ ला वेगळं नाव, किशोर. शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४. सतरा वर्षांचा एकच मुलगा एका कायद्यात बालक, दुसऱ्यात नाही. उसनी व्याख्या वर्षांचा घोळ करते.

मग क्रम असा. पहिल्यांदा त्याच कायद्याच्या बाकीच्या कलमांत तो शब्द कसा वापरलाय ते पाहा. मग जनरल क्लॉजेस ॲक्ट: ‘व्यक्ती’सारखे शब्द तिथं मिळतात, आणि त्यात कंपनी किंवा लोकांचा समूहही व्यक्ती ठरतो. तिथंही नसेल तर रोजचा, बाजारातला अर्थ.

बाजारातला अर्थ म्हणजे वनस्पतिशास्त्रातला नव्हे. विड्याची पानं भाजी आहेत का, असा वाद अकोल्याच्या विक्रीकर प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शास्त्रानं पाहिलं तर पान ही वनस्पतीच, म्हणून भाजीची करमाफी मिळावी असं म्हणणं होतं. १९६१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की भाजी म्हणजे लोक जिला भाजी म्हणतात ती, आणि पानाला कुणी भाजी म्हणत नाही. मंडईत जाऊन ‘एक जुडी विड्याची भाजी द्या’ म्हणून पाहा, निकाल पटेल.

म्हणजे डावा रकाना नुसता आठवण म्हणून भरायचा नव्हता. व्याख्या नसेल तिथं तोच रकाना पुरावा होतो.

टप्पा ७: इंग्रजी प्रत आणि मग कोश

केंद्राच्या कायद्याचा मराठी मजकूर वाचताना अडलात तर इंग्रजी मजकूर शेजारी ठेवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणं कायद्याचा इंग्रजी मजकूर अधिकृत धरतात, म्हणून दोन्हींत फरक वाटला तर तो वकिलाला दाखवायचा मुद्दा असतो, स्वतः मिटवायचा नव्हे.

कोश शेवटी का? भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उपयोगी आहे, मी रोज वापरते. पण तो प्रतिशब्द देतो, व्याख्या देत नाही. कुठल्या इंग्रजी शब्दासाठी कुठला मराठी शब्द ठरवलाय एवढं त्यातून कळतं. तेवढ्या माहितीवर मूळ कायदा शोधता येतो, निर्णय घेता येत नाही. साधा शब्दकोश तर त्याहून धोक्याचा, कारण त्यात सगळे अर्थ ओळीनं असतात आणि माणूस आपल्या सोयीचा उचलतो.

टप्पा ८: आता दोन रकाने शेजारी ठेवा

प्रत्येक शब्दाला चार प्रश्न: कायद्यानं काय आत घेतलं जे मी बाहेर ठेवलं होतं? काय बाहेर काढलं जे मी आत धरलं होतं? कुठला आकडा, तारीख किंवा अट लागते? आणि शब्द लागू झाला तर माझ्यावर नेमकं काय येतं?

उत्तरं पाहिली की नातं कळतं.

कधी कायद्याचा शब्द अरुंद असतो. घरी कुणी नसताना दोघांनी कुलूप तोडून दागिने नेले, की आपण म्हणतो ‘दरोडा पडला’. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० प्रमाणं दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं मिळून जबरी चोरी लागते. तुमचं प्रकरण घरफोडी आणि चोरीचं. फिर्यादीत ‘दरोडा’ लिहिलं नाही म्हणून हवालदाराशी भांडायचं कारण नाही.

कधी तो रुंद असतो. बिडी कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी बिड्या वळणारी बाई सहज म्हणते, “मी काय नोकरी करत नाही ओ, घरीच असते.” १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याच्या व्याख्येत मालकानं किंवा ठेकेदारानं कच्चा माल दिल्यावर घरी बिड्या करणारी व्यक्तीही कर्मचारी आहे. फॉर्मवर ‘नोकरी: नाही, गृहिणी’ लिहून देण्याआधी हे माहीत हवं. तो कायदाही आता संहितेत गेलाय, पण जुन्या वर्षांचे हिशोब जुन्या शब्दानंच होतात.

आणि कधी नातंच नसतं, नुसता नामसारखेपणा. दाव्याच्या कागदात ‘अज्ञान प्रतिवादी’ म्हणजे अडाणी नव्हे, वय १८ पूर्ण नसलेला. नातवाला अज्ञान लिहिलं म्हणून आजोबा चिडलेले मी पाहिलेत. तो मुलगा वर्गात पहिला होता.

टप्पा ९: अर्थ परत वाक्यात घालून वाचा

मूळ वाक्यातला शब्द खोडून तिथं उजव्या रकान्यातला अर्थ लिहा आणि मोठ्यानं वाचा. वाक्य विचित्र झालं तर कुठंतरी चुकलंय: बहुतेक करून कायदाच चुकीचा धरलाय किंवा तो शब्द त्या ठिकाणी साध्या अर्थानंच आलाय. ‘कारखान्यापासून १०० मीटरवर रस्ता’ या वाक्यात कारखाना ही पत्ता सांगायची खूण आहे, तिथं व्याख्या कोंबू नका.

मग वकिलाकडं जा. ‘याचा अर्थ काय’ असं विचारू नका, ते तासभर बोलतील. विचारा: “अमुक तारखेला माझ्याकडं दोन पाळ्यांत मिळून अकरा माणसं होती, ही नोटीस अमुक कायद्याची आहे, मी त्या व्याख्येत बसतो का?” अशा प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

इथल्या कागदांत हमखास चकवणारे काही शब्द

जंगम. सोलापुरात जंगम म्हटलं की आधी लिंगायतांचे स्वामी आठवतात. कागदात जंगम म्हणजे हलवता येणारी मालमत्ता. गंमत पुढं आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ३ मध्ये उभं पीक, गवत आणि तोडायला आलेलं लाकूड स्थावरात धरलेलं नाही, आणि नोंदणी अधिनियम १९०८ झाडावरची फळंही जंगमात घालतो. मंगळवेढ्याच्या रानातली उभी मालदांडी ज्वारी जमिनीला मुळं धरून आहे, तरी त्या कायद्यापुरती जंगम. सांगोल्याच्या बागेतली डाळिंबं जंगम, डाळिंबाचं झाड स्थावर. मागांचं काय? नट-बोल्टनं जमिनीला बसवलेलं यंत्र तेवढ्यानं स्थावर होतंच असं नाही. हलू नये म्हणून बसवलं की कायमचं जागेचा भाग व्हावं म्हणून, हे न्यायालय पाहतं. शेड ‘मागासकट’ विकत घेताना माग वेगळे लिहून घ्या.

बक्षीसपत्र. मृत्युपत्रासारखं नंतर बदलता येईल असं समजून लोक करतात. बक्षीसपत्र मोबदल्याशिवाय असतं, घेणाऱ्यानं ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावं लागतं, आणि स्थावरासाठी नोंदणी व किमान दोन साक्षीदार लागतात. झालं की सहसा झालं. सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ आहे, पण त्यासाठी ती अट कागदात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

साठेखत आणि खरेदीखत. साठेखत हा पुढं विकण्याचा करार. निव्वळ त्यानं मिळकतीत हक्क तयार होत नाही, हे १८८२ च्या अधिनियमाचं कलम ५४ स्पष्ट सांगतं. ‘जागा घेतली’ हे बोलण्यापुरतं ठीक.

फेरफार. बोलण्यात फेरफार म्हणजे काहीतरी गडबड. महसुलात ती बदलाची नोंद. आणि नोंद झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही. ती महसुलाच्या कामापुरती असते. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयात.

भोगवटादार वर्ग २. ‘दुसऱ्या दर्जाची जमीन’ नव्हे. विकण्यावर, हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन. इसार देण्याआधी सातबाऱ्यावर हे तीन शब्द शोधा.

कूळ. लग्नाच्या बोलणीत कूळ म्हणजे घराणं. १९४८ च्या कूळ कायद्यात दुसऱ्याची जमीन खंडानं कसणारा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात जुनं कुळाचं नाव दिसलं तर ते पूर्वजांचं नाव समजून पुढं जाऊ नका.

नॉमिनी. बहुतेक ठिकाणी नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे. शेअर्सबाबतही वारसांचा हक्क नॉमिनीमुळं जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. पण आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर त्यांना ती रक्कम स्वतःसाठी मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे इथंही टप्पा ४: कुठला कायदा, कुठलं साल.

अकरा महिन्यांचा करार. ‘वर्षाच्या आत आहे, नोंदणी नको’ हे इथं चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदवलेला लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. आणि नोंदणीला बसण्याआधी ‘सदर जागेत कारखाना चालवणार नाही’ या ओळीपुढं मालकाकडून लिहून घ्या: ‘चार यंत्रमाग वगळून’.